पात्रतेचा रकाना

किसुमूच्या पॉलिटेक्निकात सतरा वर्षं
मी रेफ्रिजरेशन शिकवलं,
म्हणजे फळ्यावर काढलं.
कॉम्प्रेसर : एक गोल. कंडेन्सर : नागमोडी रेघ.
बाण निळे, कारण लाल खडू लवकर संपायचा.
मुलं रेघ न् रेघ उतरवून घ्यायची
आणि नोव्हेंबरात परत करायची
उसनी साखर परत करावी तशी,
वाटी बोटाने सपाट करून.

गुण बरे पडत.
प्रमाणपत्रं वाटायच्या दिवशी आया नाचत येत.
प्रत्येक फोटोत माझा हात कुणाच्या तरी खांद्यावर.
पुढे ती कुठे गेली, मी विचारलं नाही.
एकदा बाजारात मोटारसायकल-टॅक्सीवाला थांबला :
"बसा सर. ओळखलं नाही? ओकेलो, बारावा रोल नंबर."
पैसे घेईना.
घरापर्यंत मी त्याची पाठ बघत बसलो.

मग एका मंगळवारी आवुओरची मावशी
ओल्या पायांनी थेट वर्गात.
"म्वालिमू, किनाऱ्यावरचं बर्फाचं मशीन
परवापासून बंद आहे. मासे मऊ पडलेत,
व्यापारी निम्मा भाव बोलतोय.
ही पोरगी तीन वर्षं हेच शिकतेय ना?
मग उठा."

आवुओर, वर्गात पहिली.
तिची आकृती मी दर वर्षी पुढच्या मुलांना दाखवतो.
तिने मशीनचं झाकण काढलं,
आणि आत कुठेच बाण नव्हते.

तिने माझ्याकडे पाहिलं.
मी चष्मा पुसला.
वीसेक बाया, रिकाम्या टोपल्या, सरोवराची लाट,
आणि मी आपला चष्मा पुसतोय.

कुणीतरी ओलोला बोलावलं.
पेट्रोल पंपामागे पत्र्याच्या खोलीत फ्रिज दुरुस्त करतो,
आठवीत शाळा सुटलेली.
त्याने आधी मशीनला कान लावला,
डोळे मिटून, पोटुशीच्या पोटाला लावावा तसा.
मग आवुओरचा हात एका नळीवर ठेवला.
"इथे गार लागायला हवं. लागतं?"
"नाही."
"का नाही?"

ती बोलू लागली. वाक्यं माझीच,
दाब, उष्णता, कोंडलेला प्रवाह,
पण तिच्या तोंडून ती पहिल्यांदाच
काही शोधायला निघाली होती.
ओलो पाना हातात धरून ऐकत राहिला.
"असं आहे होय?
बावीस वर्षं साफ करतोय ही जागा,
का करतो ते आज कळलं."

अंधार पडता पडता मशीन खोकलं, थांबलं,
पुन्हा खोकलं, आणि बर्फ घरंगळला.
मावशीने एक तुकडा माझ्या हातावर ठेवला.
मासळीचा वास होता त्याला. मी चोखून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी प्राचार्या ओबुरा बाईंकडे गेलो :
ओलोने आठवड्यातून दोन दिवस शिकवावं.
बाई नाही म्हणाल्या नाहीत.
बाईंनी फॉर्म दिला.
नाव. वय. अनुभव.
शैक्षणिक पात्रता.
तो रकाना कोरा राहिला तर पगार निघत नाही.
ओलो म्हणाला, "मारा एक रेघ."
रेघा मी सतरा वर्षं मारल्या.
ही मारवेना.

तीन आठवडे फॉर्म टेबलावर पडून आहे.
ओलो येतो, बिनपगारी.
मावशी मधूनमधून त्याच्या डब्यात मासा घालते.
मुलांची नखं काळी झालीत,
दोघांचे हात भाजले, एकाच्या बापाने तक्रार केली :
पोराला आम्ही साहेब व्हायला पाठवलं.
त्यांना काय सांगावं, अजून सुचलेलं नाही.

आज पाहिलं तर त्या रकान्यात
पेन्सिलीने, आवुओरच्या अक्षरात :
"आधी कान लावतो."

खोडरबर समोरच आहे.
मी शाईचं पेन शोधतोय.